जुन्या चादरीचें पायपुसणें

घराची टापटीप पाहावयाची असेल तर दिवाणखान्यांतील तसबिरींकडे पाहूं नये, दारांतील पायपुसण्याकडे पाहावें. उंबरठ्यापुढें आपण रांगोळी काढतों. पण त्याच्याच अलीकडे पडलेल्या त्या वस्त्रखंडाची कोणी वास्तपुस्त करीत नाहीं. बाजारांतून रंगीत पायपुसणें आणावें, थोड्याच दिवसांत तें विटावें, आणि मग दुसरें आणावें, हा क्रम आपण निमूटपणें चालूं ठेवतों. आज मी ज्या पायपुसण्याविषयीं सांगणार आहें, तें घरच्या घरीं आणि जवळ जवळ फुकट होतें. त्याचें सामान सोलापुरांतील पुष्कळ घरांत कपाटाच्या तळाशीं पडलेलें असतें.

प्रथम पायपुसण्याचें काम कोणतें, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. युरोप-अमेरिकेंत पुष्कळ घरीं माणूस बूट घालूनच आंत शिरतो. म्हणून तेथें दारापुढें चिखल खरवडून काढणारी काथ्याची राठ चटई घालतात. आपण वहाणा बाहेर काढतों, पाय धुतों आणि मग आंत येतों. अर्थात् आपल्या पायपुसण्याला चिखल खरवडावयाचा नसतो, पाणी टिपावयाचें असतें. कापसाचा तंतु पाणी स्वतःच्या अंगांत ओढून घेतो. पॉलिएस्टरसारखा कृत्रिम तंतु तें जवळ जवळ घेतच नाहीं. म्हणूनच बाजारांतील कित्येक गुबगुबीत पायपुसणीं दिसावयास देखणीं असलीं, तरी त्यांवरून उचललेला पाय ओलाच राहतो.

ओला पाय ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. जुन्या घरांतील शहाबादी फरशी कांहींशी खरबरीत असे. हल्लींची फरशी आरशासारखी चकचकीत असते. न्हाणीघराच्या दाराशीं पाय घसरून खुब्याचें हाड मोडलें, म्हणजे वडील माणूस महिनेच्या महिने अंथरुणाला खिळतें, आणि कित्येकांना पुन्हां पूर्वींसारखें चालतां येत नाहीं. ज्या घरांत आजोबा-आजी आहेत, त्या घरांत पायपुसणें पाणी टिपणारें आणि जागेवरून न सरकणारें हवें. सौंदर्याचा विचार त्यानंतर.

आतां सामानाकडे वळूं. सोलापूर हें सुताचें गांव. १८७७ सालीं येथें पहिली कापडगिरणी सुरू झाली; तिला लोक पुढें ‘जुनी मिल’ म्हणूं लागले. ती गिरणी केव्हांच बंद पडली. पण तेलंगणांतून येऊन येथें स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनीं हातमागावर आणि पुढें यंत्रमागावर जी चादर विणली, तिनें गांवाचें नांव देशभर नेलें. सोलापुरी चादरीला व येथील टॉवेलला भौगोलिक मानांकनहि लाभलें आहे. जाड सुताची ही चादर वर्षानुवर्षें टिकते. आणि मधोमध विरली तरी तिच्या कडा भक्कमच असतात. शिवाय अनेक धुण्यांनीं तिचें आटणें संपलेलें असतें, आणि जावयाचा तेवढा रंगहि निघून गेलेला असतो. नव्या कापडाचें पायपुसणें पहिल्याच धुण्यांत आकसतें वा फरशीवर रंग सोडतें. जुन्या चादरीला ही भीति फारशी नाहीं.

साधारणतः ही चादर ६० इंच रुंद व ९० इंच लांब असते. रुंदीचे तीन आणि लांबीचे तीन भाग केले, म्हणजे ३० इंच लांब व २० इंच रुंद असे नऊ तुकडे होतात. तीन तुकड्यांचें एक, याप्रमाणें एका चादरींत तीन पायपुसणीं निघतात आणि कापड मुळींच वायां जात नाहीं. विरलेला तुकडा मध्यें घालावा, धड तुकडे वर व खालीं ठेवावे. चादरीच्या कोपऱ्यांत नांव वा अक्षरें विणलेलीं असतील, तर तो तुकडाहि आंत घ्यावा. अक्षरांवर पाय देणें आपल्याला रुचत नाहीं. तिनांपेक्षां अधिक थर मात्र घालूं नयेत. आंतील ओल वाळत नाहीं आणि कुबट वास येऊं लागतो.

थर जोडण्यापूर्वीं तळाच्या तुकड्याची एक तयारी करावयाची आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन बोटें रुंदीच्या पट्ट्या कापून त्या साबणानें स्वच्छ धुवाव्या, आणि या तुकड्याच्या खालच्या अंगाला चारी कडांशीं जाड दोऱ्यानें टांचाव्या. रबर फरशीला धरून राहतें आणि पायपुसणें सरकत नाहीं. मग तिन्ही थर जुळवून, गोधडीला घालतों तसा धांवदोरा घालावा. आधीं कडेनें एक फेरा, मग एकेक इंच आंत सरकत मध्यापर्यंत यावें. सुई चालेनाशी झाली तर दाभण घ्यावा. टांके दाट असले म्हणजे धुतांना थर गोळा होत नाहींत. शेवटीं जुन्या साडीच्या पट्टीनें कडा बांधून घ्याव्या, आणि त्या सपाट बसल्या आहेत ना, हें हात फिरवून पाहावें. वर आलेल्या कडेला अडखळूनहि माणूस पडतें.

चादर अगदींच चिंध्या होण्याच्या स्थितीला आली असेल, तर तिच्या दोन इंची पट्ट्या फाडून तीनपदरी वेणी घालावी, आणि ती वेणी सपाट पाटावर गोल गुंडाळीत शेजारच्या वळ्याला शिवीत जावें. येथें एकच खबरदारी घ्यावयाची: वेणी ताणून धरूं नये. वळणावर ती सैल सोडली नाहीं, तर कडा वर उचलल्या जातात आणि पायपुसण्याची टोपली होते!

सोलापुरांत मोठा पाऊस पुष्कळदां सप्टेंबरांत येतो, आणि काळी माती वहाणांना घट्ट चिकटते. त्या दिवसांत दाराबाहेर गोणपाटाची चौपदरी घडी शिवून घालावी. राठ काम तिनें करावें आणि सुती पायपुसण्यानें आंत पाणी टिपावें. दोन पायपुसणीं आळीपाळीनें वापरावीं. पाण्याची टंचाई आपल्याला नवी नाहीं. तेव्हां कपडे खळबळून उरलेल्या पाण्यांतच आठवड्यांतून एकदां तें धुवावें, आणि रबराची बाजू खालीं ठेवून उन्हांत वाळवावें. कडक उन्हानें रबराला चिरा पडतात.

कोणी म्हणेल, एवढ्याशा वस्तूसाठीं ही खटपट कशाला? तर जी चादर कोणा विणकरानें मागाशीं उभें राहून विणली आणि जिनें आपल्या मुलांना कितीएक थंडीचे दिवस ऊब दिली, तिच्यांत अजून दोन-तीन वर्षांचें काम शिल्लक असतें. तें वायां घालवूं नये. तीन पायपुसणीं झालीं, कीं पहिलें न्हाणीघराच्या दाराशीं घालावें. घरांतील वडील माणसांचा पाय तेथेंच पहिल्यानें पडतो.