नवशिक्याची चित्रवही

वर्षअखेरीस नवशिका विद्यार्थी आपली चित्रवही उलगडतो, तेव्हा गुणांपेक्षा निराळेच काही त्याच्या ध्यानी येते. जूनमधील वस्तुचित्रात बादलीचे तोंड वाटोळे आणि तळ मात्र सरळ रेघेचा. जणू तोंड वरून पाहिले, तळ समोरून. जानेवारीत तोंड लंबवर्तुळ झालेले असते, तळालाही बाक येतो. ठाऊक असलेले सोडून दिसलेले काढणे त्याला साधू लागलेले असते. स्मरणचित्रातील बाजार अजून भाबडाच. तो तसा राहिला तरी बिघडत नाही. १९६५ साली स्थापन झालेल्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेत हे दोन्ही विषय आहेत, ते उगीच नव्हे. परंतु शिक्षकानेच वहीतील रेघ सुधारली, तर ही तुलना नाहीशी होते. चित्रकलेचा तास गणिताला देणाऱ्या शाळांनी जूनची बादली जानेवारीच्या बादलीशेजारी एकदा ठेवून पाहावी.