आधीं काय, मागून काय? स्पोर्ट्‌स मोटारीच्या सुधारणेचा क्रम



तरुण मनुष्याच्या हातीं थोडा पैसा आणि एखादी जुनी स्पोर्ट्‌स मोटार अशा दोन गोष्टी एकाच वेळीं आल्या, म्हणजे त्याच्या मनांत पहिला विचार येतो तो इंजिनाचा. गाडी आहे त्यापेक्षां जोरानें पळाली पाहिजे, आणि पळविणारें तर इंजिन. तेव्हां पैसा तेथेंच घालावयाचा, हें त्याला इतकें उघड वाटतें कीं, अधिक विचाराचें कारणच त्याला दिसत नाहीं. आज मला जें सांगावयाचें आहे तें नेमकें याच्या उलट आहे. इंजिनाची पाळी सर्वांच्या शेवटीं यावी. त्याच्या आधीं गाडीला थांबतां आलें पाहिजे, वळणावर रस्ता धरून राहतां आलें पाहिजे, आणि त्याहीपूर्वीं ती मुळांत निरोगी असली पाहिजे.

नुसतें 'मोटार, मोटार' म्हणत राहिलें तर विषय हवेंतच राहील. म्हणून एकच गाडी डोळ्यांपुढें ठेवूं. माझदा कंपनीची 'एम्‌एक्स-५', जिला अमेरिकेंत 'मियाटा' म्हणतात, ती १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या मोटार-प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. दोन माणसांपुरती, उघडी, इंजिन पुढें आणि जोर मागच्या चाकांना, इंजिन १.६ लिटरचें, अमेरिकेंतील गाडींत त्याची शक्ति सुमारें ११६ अश्वशक्ति, आणि वजन हजार किलोच्या आंत. लोटस या इंग्रज कंपनीची १९६२ सालची 'एलान' ही तिची मानसमाता म्हणावयास हरकत नाहीं. तिच्या निर्मितीचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनीं आपल्या सहकाऱ्यांपुढें ठेविलेलें ध्येय एका जुन्या जपानी शब्दप्रयोगांत सांगितलें जातें: 'जिन्बा इत्ताइ', म्हणजे स्वार आणि घोडा यांनीं एकरूप होणें. मराठी घोडदळाच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या मंडळींना हें ध्येय फोडून सांगावयास नको. २०१६ सालीं या गाडीची दहा लाखांची संख्या पुरी झाली. गाड्या पुष्कळ झाल्या, म्हणून जुन्या बाजारांत त्या आल्या, आणि म्हणूनच त्या बेताच्या मिळकतीच्या तरुणांच्या हातीं पडूं लागल्या.

आपल्या रस्त्यांवर ही गाडी क्वचितच दिसते. पण आपलीं मुलें आज जेथें जेथें आहेत तेथें ती आहे. माझा एक भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेंत असतो. त्यानें तिशी उलटलेली एक मियाटा घेतली, रविवारीं बंदिस्त ट्रॅकवर हौशी लोकांना गाडी पळवूं देतात तेथें तो जाऊं लागला, आणि एके दिवशीं त्यानें मला विचारलें, "मामा, साडेतीन हजार डॉलर साठले आहेत. टर्बो बसवूं का?" बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनांत जास्त हवा कोंबणारा जो पंखा, तो टर्बो. भाच्याचा प्रश्न पैशाचा होता. माझ्या बहिणीनें त्याच संध्याकाळीं मला निराळा फोन केला. तिचा प्रश्न, पोरगा रविवारीं संध्याकाळीं धडधाकट घरीं येईल ना, एवढाच होता. आश्चर्य असें कीं, दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकच निघालें.

इंजिनाची शक्ति वाढविल्यानें मिळतें काय, हें आधीं पाहूं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि त्या विरोधाला तोंड देण्यास लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत. याचा अर्थ असा कीं, इंजिनाची शक्ति शेंकडा १० नीं वाढविली तर गाडीचा कमाल वेग शेंकडा ३ च्या आसपास वाढतो. वेग घेतांना व चढावर लाभ याहून अधिक जाणवतो, नाहीं असें नाहीं. परंतु तरुणांचे पहिले पैसे बहुधा जातात ते हवा आंत घेणाऱ्या चकचकीत नळीवर आणि गर्जना करणाऱ्या सायलेन्सरवर. आणि या लहान इंजिनाला त्यांपासून तेवढीही शक्ति सहसा मिळत नाहीं. आवाज मात्र मिळतो. मनुष्याचा कान मोठा भोळा. तो आवाजालाच वेग समजतो.

याउलट वळणाचा हिशेब घ्या. ५० मीटर त्रिज्येचें एक सपाट वळण आहे. टायरांची पकड गाडीच्या वजनाच्या आठ-दशांश असेल, तर तें वळण ताशीं सुमारें ७१ किलोमीटर वेगानें घेतां येतें. तीच पकड वजनाइतकी झाली तर ८० नें. ट्रॅकवर अशीं वळणें एकामागून एक असतात, आणि जो वळणांतून अधिक वेगानें बाहेर पडला तो पुढच्या सरळ रस्त्यावरही त्या लाभाचें व्याज खात जातो. इंजिनाला हात न लावतां मिळालेला हा वेग आहे.

पण टायरांचाही मान पहिला नव्हे. पहिला मान गाडीच्या प्रकृतीचा. तीस वर्षांच्या गाडींत रबराची प्रत्येक नळी तीस वर्षांची असण्याचा संभव असतो. मियाटाच्या रेडिएटरची वरची टांकी प्लास्टिकची. ती नवी असतांना काळी असते आणि जुनी होतां होतां तपकिरी पडते. वैद्य जशी जीभ पाहतो, तसे जाणते लोक बॉनेट उघडून आधीं या टांकीचा रंग पाहतात. तपकिरी टांकी ट्रॅकवरच्या उष्णतेंत केव्हां फुटेल याचा नेम नाहीं, आणि पाणी गेलेलें इंजिन थोड्याच मिनिटांत निकामी होतें. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांनीं, म्हणजे सुमारें ९६,००० किलोमीटरांनीं बदलावयाचा असतो. तो कधीं बदलला हें जुन्या मालकाला सांगतां आलें नाहीं, तर बदललाच नाहीं असें धरून चालावें. टायरांची नक्षी भरपूर दिसली तरी बाजूवर उमटविलेले चार आंकडे वाचावे. ते २३१४ असे असतील तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत जन्मला. नक्षी शाबूत आणि रबर मेलेलें, असे टायर कमी चालणाऱ्या हौशी गाड्यांवर फार आढळतात. या सर्व कामांनीं गाडी तसूभरही वेगवान होत नाहीं, मित्रांना दाखवावें असेंही त्यांत कांहीं नसतें. म्हणूनच तीं टाळलीं जातात.

मग ब्रेक. येथें मला जरा अधिक वेळ घ्यावयाचा आहे. गाडी थांबते म्हणजे काय होतें? तिच्या अंगचा वेग कोठें नाहींसा होत नाहीं. त्याची उष्णता होते, आणि ती चार लोखंडी डिस्कांना सोसावी लागते. समजा, सरळ रस्त्याच्या शेवटीं गाडी ताशीं १२० किलोमीटर वेगानें येते आणि वळणासाठीं तिला ६० वर आणावी लागते. आतां इंजिन जोरदार केलें, आणि तीच गाडी त्याच जागीं १४० नें येऊं लागली. वेग वाढला एकषष्ठांशानें; पण ब्रेकांनीं पचवावयाची उष्णता जवळजवळ दीडपट झाली. तीही एकदां नव्हे. प्रत्येक फेरींत, प्रत्येक मोठ्या वळणाला, वीस वीस मिनिटें.

रस्त्यावरच्या नेहमींच्या वापराचे जे ब्रेक पॅड असतात त्यांची पकड एका मर्यादेपलीकडे तापल्यावर सुटूं लागते. परंतु खरा कपटी शत्रु दुसराच आहे. पेडलवरचा दाब चाकापर्यंत पोंचविणारा जो द्रव, ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतों, तो हवेंतील ओलावा हळूहळू शोषून घेतो. 'डॉट ४' या प्रतीचा नवा द्रव २३० अंश सेल्सिअसच्या आंत उकळतां कामा नये असें बंधन आहे. पण त्यांत ठराविक प्रमाणांत पाणी मुरल्यावर तेंच बंधन १५५ अंशांवर येतें. द्रव उकळला कीं नळींत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाहीं. वाफ दाबली जाते. पाय पेडलवर पडतो, पेडल खालीं जमिनीला टेकतें, आणि गाडी पुढें जातच राहते. मागच्या वळणाला ब्रेक उत्तम लागला होता, ही गोष्ट अशा वेळीं कांहीं उपयोगाची नसते.

आणि या संकटावरचा इलाज किती स्वस्त! ताजें ऑइल, आणि अधिक उष्णता सोसणारे पॅड. मोठ्या डिस्का आणि तांबडे कॅलिपर यांची या हलक्या गाडीला आरंभीं गरजच नसते. भाच्याच्या साडेतीन हजारांतला दहावा हिस्साही यांत गेला नाहीं.

उघड्या गाडीच्या बाबतींत आणखी एक गोष्ट येथेंच उरकली पाहिजे, कारण तिच्यांत क्रम चुकला तर सुधारणाच घातक होते. छत कापडाचें, तेव्हां गाडी उलटली तर डोक्याच्या वर पोलादी रोल बार पाहिजे. पुष्कळ तरुण रोल बारच्या आधीं शर्यतीचा रुंद पट्ट्यांचा हार्नेस बसवितात, कारण तो दिसतो छान. साध्या पट्ट्यानें बांधलेला मनुष्य गाडी उलटतांना थोडा बाजूला कलूं तरी शकतो. हार्नेसनें दोन्ही खांदे आसनाशीं जखडलेले असतात. त्याला ताठच राहावें लागतें, आणि काचेची चौकट चेपली तर डोक्याला व मानेला जागा उरत नाहीं. आधीं बार, मग हार्नेस. हा क्रम कोणत्याही कारणासाठीं फिरवूं नये.

आतां टायर. चारही टायर मिळून रस्त्याला टेकतात ती जागा चार तळहातांहून फार मोठी नसते, आणि गाडीचें चालणें, वळणें, थांबणें सगळें त्या चार तळहातांवर चालतें. कोणते टायर घ्यावे याविषयीं मात्र जाणत्यांत मतभेद आहे. कांहीं म्हणतात, मिळतील ते अतिशय चिकट टायर घ्या. मला दुसरें मत पटतें: पहिलें वर्ष नवे पण साधे टायर असावेत. साधा टायर मर्यादा जवळ आली कीं किंचाळूं लागतो आणि हळूहळू घसरतो; चिकट टायर पुष्कळ वेळ गप्प बसतो आणि सुटतो तो मोठ्या वेगावर. शिकाऊ माणसाला बोलका टायर बरा.

नव्या टायरांबरोबर अलाइनमेंट आलेंच. मियाटाच्या चारही चाकांचा कॅम्बर कारखान्यानें दिलेल्या बोल्टांवरच फिरवितां येतो. नवीन कांहीं विकत घ्यावें लागत नाहीं. वळणावर गाडी बाहेर कलते आणि बाहेरचा टायर आपल्या कडेवर चालूं लागतो. चाकाचा वरचा भाग आधींच किंचित् आंत कललेला ठेवला, तर वळणांत तो टायर सपाट बसतो. एवढ्या मजुरीच्या पैशांत इतका लाभ देणारी दुसरी सुधारणा मला ठाऊक नाहीं.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ज्यांना आपले मिस्त्री 'शॉकअप' म्हणतात, आणि स्प्रिंगा यांचा विचार टायर ठरल्यावरच करावा. पकड वाढली कीं गाडी अधिक कलते, आणि तेव्हांच स्प्रिंगा किती कडक पाहिजेत हें कळतें. गाडी खालीं बसलेली दिसावी म्हणून स्प्रिंगा कापणारे लोक मीं पाहिले आहेत. मग ती गाडी आंतल्या रबरी ठोकळ्यांवरच टेकून राहते. वळणांत खांचखळगा आला तर दबावयास जागाच नसते आणि चाक उडी मारतें. दिसावयास वाघ आणि चालावयास बैलगाडी.

एवढें झाल्यावर टर्बोचा विचार करावयास माझी ना नाहीं. फक्त टर्बो ही एक वस्तु नव्हे, तें एक मोठें कुटुंब आहे. एकाला घरीं आणलें कीं मागून सगळे येतात. उष्णता वाढते, म्हणून मोठा रेडिएटर; ओढ वाढते, म्हणून दणकट क्लच; १.६ लिटरच्या गाडीचें डिफरन्शियल पुढें आलेल्या १.८ लिटरच्या गाडीपेक्षां लहान, म्हणून तेंही. आणि पेट्रोल व ठिणगी यांचें नियमन नव्यानें बसविणें तर अपरिहार्यच. साडेतीन हजार डॉलर हा त्या कुटुंबाचा प्रवासखर्च झाला.

चालविणाराविषयीं मीं अद्याप बोललों नाहीं. अमेरिकेंत 'स्पेक मियाटा' नांवाचा शर्यतींचा एक वर्ग आहे. त्यांत इंजिनाला व गाडीला करावयाचे बदल नियमांनीं बांधून टाकलेले असतात, म्हणजे गाड्या जवळजवळ सारख्या. तरीही पहिल्या आणि शेवटच्या गाडीच्या फेरींत कित्येक सेकंदांचें अंतर राहतें. तें अंतर कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं. तें शिक्षकाला शेजारीं बसवून शिकावें लागतें. भाच्याला मीं एक वही ठेवावयास सांगितलें. एका वेळीं एकच बदल करावयाचा, त्याच ट्रॅकवर फेरीची वेळ मोजावयाची आणि लिहावयाची. दोन बदल एकदम केले तर कशानें काय झालें हें कळत नाहीं. त्या वहींत सर्वांत मोठी घट शिक्षकाबरोबर घालविलेल्या दोन दिवसांपुढें नोंदलेली आहे. टर्बोचें पान अजून कोरें आहे.

आपल्याकडे ज्यांना असें कांहीं करावयाचें असेल त्यांनीं कायद्याचीही नोंद घ्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणीपत्रांतील कारखानदारानें ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तें कलम काटेकोरपणें लावलें. वेगाची हौस चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइमतूरच्या 'कारी' ट्रॅकवर फेडतां येते, तेथें अवश्य फेडावी. आणि गंमत अशी कीं, ताजें ब्रेक ऑइल, त्याच मापाचे चांगले पॅड आणि टायर, अलाइनमेंट, नवा रेडिएटर यांपैकीं कशानेंही नोंदणीपत्रांतलें एक अक्षर बदलत नाहीं; आर. टी. ओ. च्या दारीं जावें लागतें तें इंजिन बदलावयाचें मनांत आलें म्हणजेच.