एक सेंटचा पेपर आणि पंचवीस वर्षं बंद राहिलेल्या डायऱ्या

लोकलमध्ये असा, भांडी घासत असा की उगाच गच्चीवर फेऱ्या मारत असा, इयरफोन नीट लावा. आजची गोष्ट कागदांची आहे, पण कंटाळवाणी नाही. शप्पथ.

सुरुवात माझ्या फोनपासून करतो. लॉकडाऊनमध्ये आम्ही दहा-बारा जण मिळून जेवणाचे डबे पोहोचवायचो. तांदूळ कुणी दिला, स्कूटर कुणाची, कुठल्या वस्तीत किती डबे गेले, कोण कुणावर चिडलं, सगळं एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मग फोन बिघडला. बॅकअप नव्हता. बाकीच्यांनी जागा भरली म्हणून चॅट केव्हाच उडवलेला. आज कुणी विचारलं, "तेव्हा नक्की काय केलंत रे?" तर दाखवायला माझ्याकडे फक्त दोन सेल्फी आहेत. त्याही हसऱ्या!

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. अशा कामाचे कागद कोण जपतं? आणि त्यातले नेमके कुठले?

उत्तर शोधताना मी पोचलो न्यूयॉर्कला, १९३३ सालात. महामंदीचा काळ. डोरोथी डे नावाची एक पत्रकार, आधी डाव्या चळवळीत वावरलेली, १९२७ मध्ये कॅथलिक झालेली, एकट्यानं मुलगी वाढवणारी. तिला भेटतो पीटर मोरिन, फ्रान्सहून आलेला, मिळेल ते काम करत भटकणारा माणूस. दोघं मिळून पेपर काढतात, 'द कॅथलिक वर्कर'. १ मे १९३३ ला, कामगार दिनाच्या गर्दीत, युनियन स्क्वेअरमध्ये तो विकायला येतो. पहिल्या अंकाच्या प्रती २,५००. किंमत एक सेंट. आणि ऐका, ती किंमत नंतर कधी वाढवलीच नाही.

पेपरमध्ये लिहायचं की भुकेल्याला जेवू घाला, आणि दारात भुकेला आला तर? मग घर उघडावं लागलं. त्याला ते 'हाउस ऑफ हॉस्पिटॅलिटी' म्हणायचे, साध्या मराठीत आश्रयघर. सूप, ब्रेड, कॉफी, झोपायला जागा. अशी घरं शहराशहरांत उघडत गेली. पण गंमत अशी की या चळवळीला सभासद नोंदणी नाही, मुख्य कार्यालय नाही, अध्यक्ष नाही. मग दफ्तर सांभाळणार कोण?

१९६२ पासून ते काम मिलवॉकी शहरातलं मार्केट विद्यापीठ करतंय. जेझुइट पंथाचं विद्यापीठ. तिथं पत्रं आहेत, फोटो आहेत, हस्तलिखितं आहेत, वेगवेगळ्या घरांनी काढलेली छोटी छोटी पत्रकं आहेत. ज्यांनी काही साठवायचं नाही असं ठरवलं, त्यांचे कागद मात्र खोक्यांत नीट लावलेले!

या चळवळीचा एक कागद मला फार आवडतो. १९६० सालचं पत्र आहे. न्यूयॉर्क शहरानं भुयारी रेल्वेसाठी त्यांचं क्रिस्टी स्ट्रीटवरचं घर घेतलं. भरपाईला उशीर झाला म्हणून वर व्याज दिलं, ३,५७९ डॉलर आणि ३९ सेंट. डोरोथीनं मुद्दल ठेवलं आणि व्याज शहराच्या खजिनदाराला परत पाठवलं. कारण? पैशानं पैसा कमवणं चर्चच्या जुन्या शिकवणीत बसत नाही. ते पत्र तिनं पेपरात छापलं. आपण इथं ईएमआयच्या तारखेला घाम पुसतोय आणि ही बाई आलेलं व्याज परत करतेय. वेडेपणा म्हणा, पण ३९ सेंटांपर्यंतचा हिशोब लिहिलेला आहे.

आता या गोष्टीतला कडू भाग. १९३० च्या दशकात पेपर दीड लाखाच्या वर खपत होता. मग युद्ध आलं. पर्ल हार्बरनंतर सगळा देश पेटलेला असताना डोरोथीनं लिहिलं की आम्ही युद्धाच्या विरोधातच राहणार. खप पन्नास हजारांच्या आसपास आला. घरं बंद पडली, जवळची माणसं दुरावली. पुढे अणुहल्ल्याच्या सरावात निवाऱ्यात जायला नकार दिला म्हणून ती तुरुंगातही गेली. एफबीआयनं तिच्यावर शेकडो पानांची फाइल तयार केली. म्हणजे बघा, प्रेम करणाऱ्यांनी कागद जपले, तसे संशय घेणाऱ्यांनीही जपले.

आणि डायऱ्या? डोरोथी १९८० मध्ये गेली. तिच्या मृत्यूनंतर २५ वर्षं त्या उघडायच्या नाहीत, अशी अट होती. २००५ मध्ये त्या खुल्या झाल्या, २००८ मध्ये पुस्तक आलं. कॅथलिक चर्चमध्ये तिला संत ठरवायची प्रक्रिया सुरू आहे, पण डायरीत भेटते ती थकलेली बाई. घरातली भांडणं, स्वतःच्या चिडचिडेपणाची लाज, मुलीची काळजी, एकटेपणा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काम.

इथं मी थांबलो. आधी मला वाटायचं की काम जपायचं म्हणजे ते पोस्ट करायचं. चूक. पोस्ट करतो तो हसरा फोटो. जपायचं असतं ते हिशोबाचं पान, फसलेला दिवस, भांडण, आणि "आज नाही जमत" हा मेसेज. कारण पुढे कुणाला असलं काम करायचं असेल, तर त्याला हसऱ्या फोटोतून काही शिकता येत नाही. उलट वाटतं, हे लोक वेगळेच होते, आपल्याला नाही जमणार.

आणि ती २५ वर्षांची अटही लक्षात ठेवा. ज्यांना आपण डबा दिला त्यांची नावं, पत्ते, अडचणी आपल्या चॅटमध्ये असतात. त्या त्यांच्या आहेत, आपल्या रील्सच्या नाहीत. जपायचं, पण लगेच दाखवायचं नाही. हे दोन्ही एकत्र जमतं, त्या बंद डायऱ्यांनी ते दाखवून दिलं.

तर एक गृहपाठ. गणपती मंडळ असो, ट्रेकिंगचा ग्रुप असो, रक्तदानाचा असो, आज रात्री त्याचा चॅट एक्स्पोर्ट करून एका ठिकाणी ठेवा. वही असेल तर फेकू नका. मी माझ्या जुन्या मित्रांना फोन लावायला घेतलेत. एकीकडे तांदळाच्या हिशोबाची अर्धी वही निघाली. डाळीचे डाग पडलेत तिच्यावर. दोन सेल्फींपेक्षा ती बरंच जास्त बोलते.

डोरोथीचे पेपरातले लेख ऑनलाइन मोफत वाचता येतात, नक्की चाळा. भेटू पुढच्या भागात. तोवर, बॅकअप घ्या रे बाबांनो!