टांझानिया : वर्गात शिकविताना
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



आफ्रिकेचा धडा आला की सिंह, हत्ती आणि घनदाट अरण्य एवढे सांगण्यात आपला तास संपतो. चौपन्न देशांचे हे खंड मुलांच्या मनात एकाच चित्रात कोंबले जाते, आणि त्या चित्रात माणूस बहुधा नसतोच. म्हणून आज मी एकच देश घेणार आहे. तो म्हणजे पूर्व आफ्रिकेतील टांझानिया.

नकाशावर आपल्या कोकण किनाऱ्यावरून नैर्ऋत्येकडे बोट नेत जावे, म्हणजे अरबी समुद्र ओलांडून आपण विषुववृत्ताच्या थोडे खाली ह्या देशाच्या किनाऱ्याला लागतो. क्षेत्रफळ सुमारे ९,४५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिप्पट. २०२२ च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या मात्र ६ कोटी १७ लाख. वायव्येस व्हिक्टोरिया, पश्चिमेस टांगानिका आणि दक्षिणेस न्यासा अशी तीन विशाल सरोवरे ह्या देशाच्या सीमांवर पसरली आहेत. पैकी टांगानिका हे खोलीत जगात दुसऱ्या क्रमांकाचे. ईशान्येस किलिमांजारो हा ५,८९५ मीटर उंचीचा ज्वालामुखी पर्वत उभा आहे. विषुववृत्ताजवळ असूनही त्याच्या माथ्यावर बर्फ असते. १८४८ साली रेबमान नावाच्या जर्मन मिशनऱ्याने हे बर्फ पाहून तसे कळविले, तेव्हा लंडनमधील भूगोलपंडितांनी त्याची थट्टा केली. पायथ्याशी राहणाऱ्या चग्गा लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यांना विचारण्याचे कोणास सुचले नाही! १९१२ पासून त्या बर्फाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग वितळून गेला आहे, हेही मुलांना सांगावे.

ह्या किनाऱ्याशी आपला संबंध वाऱ्याने जोडला. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यास तिकडे ‘कास्काझी’ म्हणतात. त्यावर अरबस्तानची व हिंदुस्थानची शिडाची गलबते तिकडे जात. पुढे दिशा बदलून वाहणारा तो ‘कुसी’. त्यावर ती परतत. आपल्या कोकणावर जो वारा पाऊस आणतो, तो ह्याच आफ्रिकी किनाऱ्याजवळून आलेला असतो. ह्या येण्याजाण्याची खूण स्वाहिली भाषेत सापडते. ‘गारी’ म्हणजे गाडी, ‘दुका’ म्हणजे दुकान, ‘हेसाबू’ म्हणजे हिशेब, ‘रंगी’ म्हणजे रंग. हे चार शब्द फळ्यावर लिहावे आणि अर्थ मुलांनाच ओळखू द्यावा.

दक्षिणेकडील सोन्याच्या व्यापारावर किल्वा हे बंदर श्रीमंत झाले. १३३१ साली इब्न बतूता तेथे आला, तेव्हा त्याने त्या शहराच्या सौंदर्याची स्तुती केली. १५०५ मध्ये पोर्तुगीज आरमाराने ते लुटले. त्या आरमाराचा प्रमुख फ्रान्सिस्को द अल्मेडा हाच पुढे हिंदुस्थानात आला, आणि १५०८ च्या अखेरीस त्यानेच आपले दाभोळ जाळले. इतिहासाच्या तासाला ही दोन नावे शेजारी शेजारी ठेवल्यास परका वाटणारा देश एकदम जवळ येतो.

झांझिबारच्या लवंगा, तेथील गुलामांचा बाजार आणि १८७३ साली तो बंद होणे, हा भाग वेळ असेल तसा सांगावा. पण ‘माजी माजी’चे बंड वगळू नये. मुख्य भूमीवर जर्मनांनी राज्य बसविले व शेतकऱ्यांकडून सक्तीने कापूस पिकविण्यास आरंभ केला. १९०५ साली दक्षिणेकडील प्रजा उठली. मंतरलेल्या पाण्याने गोळ्यांचे पाणी होईल, ह्या श्रद्धेवरून बंडास ते नाव पडले; ‘माजी’ म्हणजे पाणी. जर्मनांनी उभी पिके व धान्याची कोठारे जाळली. बंदुकीने मेले त्यांहून अधिक लोक त्या दुष्काळात मेले. एकूण मृत्यूंचे अंदाज पाऊण लाखापासून तीन लाखांपर्यंत आहेत. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांचा अंमल आला, ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला, आणि १९६४ साली झांझिबारशी त्याचे एकीकरण होऊन आजचा देश बनला.

ह्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष आपल्याच व्यवसायातला होता. ज्युलिअस न्येरेरे हे शाळामास्तर. १९५५ साली राजकारणासाठी त्यांनी नोकरी सोडली, तरी लोक त्यांना अखेरपर्यंत ‘म्वालिमू’, म्हणजे ‘गुरुजी’ म्हणत. शंभराहून अधिक जमातींच्या देशाला त्यांनी स्वाहिली ही एक भाषा दिली, प्राथमिक शाळा तिच्यातून चालविल्या, आणि तिची शक्ती दाखविण्यासाठी शेक्सपिअरचे ‘ज्युलिअस सीझर’ स्वतः तिच्यात उतरविले. मात्र विखुरलेल्या शेतकऱ्यांना सामुदायिक खेड्यांत आणण्याचा त्यांचा प्रयोग पुढे सक्तीचा झाला व शेतीच्या दृष्टीने फसला. गुरुजी म्हणून आपण त्यांच्या ह्या बाजूवर पांघरूण घालू नये.

आता प्राणी. प्रथम एक दुरुस्ती : आफ्रिकेच्या रानात वाघ नाही. सिंह, बिबळ्या, चित्ता, तरस आहेत. सेरेंगेटीच्या माळावर विल्डेबीस्ट नावाचे, गाईसारख्या तोंडाचे दाढीवाले हरिण सुमारे तेरा लाखांच्या संख्येने राहते. पावसामागे फिरत ते वर्षभरात एक मोठे वर्तुळ पुरे करते. फेब्रुवारीच्या सुमारास ते दक्षिणेकडे असते, कारण तेथील जमीन ज्वालामुखीच्या राखेची व गवत क्षारयुक्त, दुभत्या मादीस मानवणारे. दोन-तीन आठवड्यांत लाखो वासरे जन्मतात व काही मिनिटांतच उभी राहतात. इतकी एकदम जन्मल्यामुळेच सिंह-तरसांना सगळी खाता येत नाहीत. कोरडा ऋतू लागल्यावर कळप मारा नदी उतरून केनियाकडे जातात.

परंतु हे कळप नेहमीच इतके मोठे नव्हते. आपल्या गावांतील वृद्धांना बुळकांडी हा गुरांचा रोग माहीत आहे. १८८० नंतरच्या दशकात ती साथ आफ्रिकेच्या ईशान्य भागात शिरली व दहा वर्षांत दक्षिण टोकास पोहोचली. मसाई गुराख्यांची बहुतेक गुरे मेली आणि त्यांच्यावर भीषण उपासमार ओढवली. विल्डेबीस्टही मेले, आणि पुढे अनेक दशके त्यांची वासरे ह्याच रोगाने दगावत राहिली. मग भोवतालच्या गुरांना लस टोचण्यात आली. रानातल्या एकाही जनावरास कोणी टोचले नाही. तरीही गोठ्यातला रोग थांबताच रानातला थांबला. १९६१ साली अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डेबीस्ट १९७७ च्या सुमारास तेरा लाख झाले. इतक्या तोंडांनी गवत खाल्ल्यावर जळायला ते उरेना, वणवे कमी झाले, आणि वणवे कमी होताच झाडे वाढू लागली. म्हणजे गाईच्या मानेत टोचलेल्या सुईने पुढे माळावर झाडे उगवली! परस्परावलंबन शिकविण्यास ह्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. २०११ साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

एक कठीण गोष्ट उरते. ह्या माळावर मसाई पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारीत आले. १९५९ साली सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातून त्यांना बाहेर काढून शेजारच्या गोरोंगोरो भागात गुरांसह राहण्याची मुभा देण्यात आली. २०२२ पासून तेथूनही त्यांना शेकडो किलोमीटर दूर म्सोमेरा गावी नेणे चालू झाले. सरकार म्हणते, हे त्यांच्या इच्छेने. अनेक मसाई म्हणतात, दवाखाना, शाळा तोडल्यावर इच्छा कसली? मेळघाटात व्याघ्रप्रकल्पासाठी उठविलेल्या गावांची मुले ज्यांच्या शाळेत बसतात, त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. इतरांनी पाठ्यपुस्तकातील त्या मोकळ्या माळाच्या चित्रावर बोट ठेवून मुलांना एवढेच विचारावे, की येथे पूर्वी कोणाची गुरे चरत होती, आणि ती आता कोठे आहेत.