गरज पडल्यास

गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत ठिकठिकाणांहून आलेल्या, त्यातल्या काही तर रात्रपाळी उरकून थेट स्टँड गाठलेल्या, माझ्या परिचारिका भगिनींनो आणि बंधूंनो,

पाहुण्यांना काय दाखवायचे हा प्रश्न छत्रपती संभाजीनगराला कधी पडत नाही. वेरूळ आहे, देवगिरी आहे, पाणचक्की आहे. मी मात्र आपल्याला एकच चित्र सुचवणार आहे. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात ‘मरणासन्न राजकुमारी’ म्हणून ओळखले जाणारे, सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचे एक भित्तिचित्र आहे. आता ते बरेच पुसट झाले आहे. तिची मान कलली आहे, पापण्या मिटत आल्या आहेत, आणि येणारे-जाणारे तिच्या चेहऱ्याकडे पाहून हळहळतात. आपण तिच्या भोवतीच्या बायकांकडे पाहावे. एकीने तिला मागून आधार देऊन बसते ठेवले आहे, एक वारा घालते आहे, एकीने तिचा हात हातात धरला आहे आणि ती तिला निरखते आहे. आजारी माणसाला धरून बसणे, वारा घालणे, निरखणे, हे काम माणसाइतकेच जुने आहे. म्हणूनच एक प्रश्न आपला पाठलाग सोडत नाही: जे काम कोणतीही मायाळू बाई करू शकते, त्याला पेशा कसे म्हणायचे? वकिली हा पेशा, वैद्यक हा पेशा, आणि परिचर्या मात्र ‘व्रत’. डॉक्टरांना लोक पदवीने हाक मारतात, आपल्याला नात्याने: सिस्टर, ब्रदर. या हाकेत आपुलकी आहे आणि मला ती प्रिय आहे. पण बहिणीने काय शिकले आहे, हे तिला कुणी विचारत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपण दयाळू आहोत म्हणून परिचर्या हा पेशा ठरत नाही. स्वतःच्या ज्ञानावर, दुसऱ्या कुणाच्या वतीने नव्हे, आपण निर्णय घेतो आणि त्या निर्णयाखाली सही करतो, म्हणून तो पेशा ठरतो. ही कल्पना पश्चिमेकडून उसनी आणलेली नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चारच: उपचारज्ञता, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. या क्रमाकडे लक्ष द्यावे. अनुराग आहे, पण तो तिसरा. पहिले मागितले आहे ते ज्ञान. आपल्या समाजाने पुढे पहिले दोन गुण विसरून तिसऱ्याचीच आरती केली.

यावरचा सर्वांत टोकदार आक्षेप १९१५ साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी घेतला. अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणाची झाडाझडती घेणारा हा अभ्यासक. पेशा कशाला म्हणावे याच्या कसोट्या सांगताना त्यांनी प्रशिक्षित परिचारिकेचा विचार केला. तिचे काम मोलाचे आहे हे मान्य करूनही त्यांचा कल नकाराकडे होता, कारण तिची जबाबदारी मूळचीही नाही आणि अखेरचीही नाही. ती डॉक्टरचा हात आहे. शंभर वर्षांनंतरही वॉर्डात आणि मंत्रालयात हाच युक्तिवाद वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतो: तुम्हाला लिहून दिलेले असते, तुम्ही ते देता, त्यात निर्णय कसला?

याचे उत्तर केसपेपरवरच लिहिलेले असते. डॉक्टर ऑर्डर लिहितात: अमुक इंजेक्शन, एसओएस. म्हणजे गरज पडल्यास. तमुक इन्सुलिन, स्लायडिंग स्केलप्रमाणे. रक्तदाब ९० च्या खाली गेल्यास कळवा. गरज पडली की नाही हे कोण ठरवते? रात्री अडीच वाजता कण्हणारा माणूस वेदनेने कण्हतो आहे, लघवी तुंबल्यामुळे, की त्याचा मेंदू गोंधळू लागला आहे, हे कोण ओळखते? ऑर्डर लिहिणाऱ्याने तिथे मुद्दाम एक जागा मोकळी सोडली आहे, आणि पलीकडे ती भरू शकणारे माणूस उभे आहे हे गृहीत धरले आहे. ‘गरज पडल्यास’ हे दोन शब्द म्हणजे आपल्या पेशाला वैद्यकाने रोज दिलेली लेखी कबुली आहे.

अधिक स्पष्ट उदाहरण प्रसूती कक्षातले घेऊ. झटके येत असलेल्या बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेट सुरू केले आहे. दर चार तासांनी ५ ग्रॅम, एकदा एका कुल्ल्यात, पुढच्या वेळी दुसऱ्या. ऑर्डर स्पष्ट आहे, वेळ झाली आहे, सिरिंज भरलेली आहे. पण परिचारिका आधी तिच्या गुडघ्याखाली हात घालून पाय सैल करते आणि वाटीखालच्या स्नायुबंधावर हातोडीने हलकेच ठोकते. पाय उडाला पाहिजे. मग पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. ते १६ च्या खाली नकोत. पिशवीतली लघवी पाहते. तासाला निदान ३० मिलिलिटर हवी. तीनपैकी एक जरी गोष्ट नसेल तर लिहिलेला डोस ती देत नाही. तो थांबवते, डॉक्टरांना कळवते आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी घेते, कारण जे औषध झटके थांबवते तेच प्रमाण चढले की श्वासही थांबवते. इथे आज्ञापालन कुठे आहे? त्या क्षणी ती इंजेक्शन देते की देत नाही यावर एका बाईचा जीव अवलंबून असतो, आणि तो निर्णय मूळचाही आहे आणि अखेरचाही. नियम आधीच ठरलेला असतो हे खरे, पण नियम तर शल्यविशारदालाही असतात. समोरच्या देहात तो नियम आत्ता लागू होतो का, हे ओळखणे यालाच आपण कौशल्य म्हणतो.

दुसरा आक्षेप घरातून येतो. अंग पुसणे, भरवणे, कूस बदलणे हे आपल्याकडे नातेवाईकच करतात, मग त्यात शिकण्यासारखे काय? नातेवाईक करतात हे अगदी खरे आहे, आणि घाटीसारख्या सरकारी रुग्णालयांचे वॉर्ड जालना, बीड, बुलडाण्याहून आलेल्या माणसांच्या या कष्टांवर किती उभे आहेत हे आपल्याइतके कुणाला ठाऊक नाही. पण कूस बदलताना परिचारिकेचे लक्ष कुठे असते ते पाहा. माकडहाड, टाचा, खुबे, डोक्याची मागची बाजू. तांबूस डाग दिसला तर ती त्यावर बोट दाबते. दाब काढल्यावर जागा क्षणभर पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त फिरते आहे. रंग बदललाच नाही तर जखमेची सुरुवात झाली आहे, कातडी अजून शाबूत दिसत असली तरी. आणि आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ही लाली नीट दिसतच नाही. तिथे हाताच्या पाठीने ऊब पाहावी लागते, आजूबाजूच्या भागापेक्षा ती जागा कडक लागते की मऊ, हे चाचपावे लागते. मायेला हे आपोआप कळत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या पुस्तकात अशा जखमांचा दोष बहुतेक वेळा आजाराला नव्हे, शुश्रूषेला दिला. मला ते वाक्य कठोर वाटत नाही, उलट अभिमानाचे वाटते. ज्याच्याकडे निर्णय नाही त्याच्यावर दोषही येत नाही.

तिसरा आक्षेप आपल्यातल्याही पुष्कळांच्या मनात आहे: पेशा म्हटले की सेवाभाव आटतो. या आक्षेपासमोर मी परळच्या केईएम रुग्णालयाचा एक वॉर्ड ठेवते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या तिथल्या परिचारिकेवर रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला. तेव्हापासून १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांचा प्रश्न आला तेव्हा, इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर अंथरुणाची एकही जखम नाही, याची न्यायालयाने आवर्जून दखल घेतली. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा आपला नेहमीचा नियम धरला तर दिवसाला १२ वेळा, वर्षाला ४,३८० वेळा. एवढे प्रेम एका माणसाच्या छातीत मावत नाही. शेवटच्या वर्षांत त्यांना सांभाळणाऱ्यांपैकी कितीतरी जणींचा हल्ल्याच्या वेळी जन्मही झाला नव्हता. हे काम पाळीपत्रकाने, नोंदीने, ओव्हर देण्या-घेण्याच्या शिस्तीने चालले. एका पिढीची माया दुसऱ्या पिढीच्या हाती देण्याचे साधन म्हणजेच पेशा. ज्याला आपण सेवाभाव म्हणतो तो या शिस्तीने आटला नाही, उलट बेचाळीस वर्षांच्या घरात टिकला.

त्याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट संपाविषयी बोलणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. अरुणाताईंना केईएममधून हलवून खाट मोकळी करण्याचा प्रयत्न ऐंशीच्या दशकात झाला, तेव्हा तिथल्या परिचारिका आंदोलनात उतरल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला. रुग्णाच्या हितासाठी मालकालाही नाही म्हणणे, हे कोणत्याही पेशाचे लक्षण आहे. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिकांनी कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा सेवेत पैसा आणू नका असे बजावणारे पुष्कळ भेटले. संपाने रुग्णांचे हाल होतात, ही गोष्ट मी नाकारत नाही. संप हे अखेरचेच हत्यार असले पाहिजे. पण दर काही महिन्यांनी माणूस बदलले तर वॉर्डाची स्मृती कोण सांभाळणार, हा प्रश्न पगाराचा नव्हे. आणि पगाराचाच घ्यायचा तर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली सांगून ठेवले आहे: २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला सरकारी परिचारिकेइतके वेतन, आणि लहानात लहान रुग्णालयातही किमान २०,००० रुपये. या शहरातल्या किंवा कोणत्याही शहरातल्या नव्या जीएनएम मुलीला विचारा, हाती किती पडतात.

संख्येचाही विचार करू. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली दाखवले की एका परिचारिकेकडच्या रुग्णांत एकाची भर पडली, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पुढे युरोपातल्या ९ देशांत पाहिले, तिथेही आकडा तोच निघाला. शिवाय पदवीधर परिचारिकांचे प्रमाण जिथे जास्त, तिथे मृत्यू कमी. हे श्रीमंत देशांचे आकडे आहेत, आणि दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण कारण आपल्याला वॉर्डात दिसते. माणूस कोसळण्यापूर्वी कित्येक तास त्याचा श्वास वाढू लागतो. तो मोजायला प्रत्येकी पूर्ण एक मिनिट लागते, आणि एका बाईकडे सबंध वॉर्ड असला की पहिला बळी जातो तो याच मिनिटाचा.

इथे आपल्यालाही आरशात पाहावे लागेल. टीपीआर चार्टवर ओळीने सगळ्या खाटांसमोर श्वास १८, १८, १८ लिहिलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो आकडा मोजलेला नसतो. कामाचा बोजा हे त्याचे कारण आहे, समर्थन नाही. पेशाचा मान मागायचा असेल तर मोजले नाही तिथे ‘मोजले नाही’ असे लिहिण्याचे धैर्य हवे. मग तीच रिकामी जागा पदभरतीच्या मागणीचा सर्वांत भक्कम पुरावा ठरेल. खोटा १८ आपलीच बाजू पाडतो.

कायद्याने आपल्याला ओळखायलाही वेळ लागला. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ नंतर विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणाला पाठवले, तेव्हा परक्याच्या देहाला हात लावणे हेच घराण्याला कमीपणाचे वाटत होते. देशासाठी परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. मराठवाडा तोवर निजामाच्या राज्यात. १९५६ साली हा भाग मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महाराष्ट्राचा परिचारिका कायदा १९६६ चा, आणि १९४७ च्या कायद्याच्या जागी संसदेने राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला तो २०२३ साली. नोंदणीपुस्तकात नाव असणे म्हणजे नोकरीचा परवाना एवढेच आपण समजतो. खरे तर ती समाजाशी केलेली अट आहे: माझ्याशिवाय कुणाला हे करू देऊ नका, आणि मी चुकले तर मला जाब विचारा. अटीचा पहिला भाग आपण मोठ्याने म्हणतो. दुसराही तेवढ्याच मोठ्याने म्हणायला हवा.

उद्या सकाळचे सत्र ओव्हर देण्याच्या पद्धतीवर आहे. ते मुद्दाम पहिले ठेवले आहे, आणि त्यात आपापल्या वॉर्डातले कोरे फॉर्म घेऊन बसावे अशी विनंती आहे. निवासाची, जेवणाची व्यवस्था इथल्या विद्यार्थिनींनी पाहिली आहे. काही उणे राहिले तर पदरात घ्यावे. या शहरातल्या ज्या भगिनी आत्ता ड्यूटीवर आहेत त्यांची पाळी आठ वाजता सुटेल. त्या आल्या की त्यांच्यासाठी पुढच्या दोन रांगा मोकळ्या ठेवाव्यात.