तांबड्या भुकटीचे बदलते नियम

खेळाचे नियम बदलले म्हणून आधीं खेळलेला खेळ मोडत नाहीं. क्रिकेटमध्यें पायचीत देण्याचा नियम १९३५ सालीं प्रयोगादाखल बदलण्यांत आला व १९३७ सालीं तो कायम झाला. फलंदाजांना पुढील सामन्यांत अधिक जपून खेळावें लागलें, एवढेंच. आदल्या वर्षीं काढलेल्या धावांपैकीं एकही धाव त्यामुळें कमी झाली नाहीं. परंतु ज्या खेळांत खेळाडू यंत्रें बांधतो आणि तीं यंत्रें खेळाच्या नियमांवरच चालतात, तेथें गोष्ट निराळी होते. तेथें आज नियम बदलला कीं काल बांधलेलें यंत्र बंद पडूं शकतें. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या ‘माइनक्राफ्ट’ या खेळांत हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे, आणि तो सोडविण्याच्या निरनिराळ्या रीती ज्यांना खेळांत रस नाहीं अशा श्रोत्यांनींही ध्यानांत घेण्यासारख्या आहेत.

स्वीडनमधील मार्कुस पर्सन यांनीं हा खेळ २००९ सालीं प्रथम लोकांपुढें ठेवला. पूर्ण स्वरूपांत तो १८ नोव्हेंबर २०११ रोजीं प्रसिद्ध झाला. त्यांतील सारें जग चौकोनी ठोकळ्यांचें. ठोकळे खणून काढावे, रचावे आणि घर, पूल, किल्ला, जें मनास येईल तें उभारावें, असा हा खेळ. २०१० च्या जुलैंत या जगांत रेडस्टोन नांवाचें खनिज आलें. त्याची तांबडी भुकटी जमिनीवर ओळीनें पसरली कीं ती तारेचें काम करते, आणि खटका दाबतांच तिच्यांतून संकेत वाहूं लागतो. उगमापाशीं त्याची शक्ति १५ असते व दर ठोकळ्यागणिक ती एकानें घटते. याच खनिजाची एक मशाल होते. ती ज्या ठोकळ्यावर बसविली असेल त्यास संकेत मिळाला कीं ती विझते, आणि संकेत गेला कीं पुन्हा पेटते. म्हणजे ‘होय’ आंत गेलें कीं ‘नाहीं’ बाहेर येतें. दोन तारा एकत्र आणल्या कीं ‘हें किंवा तें’ साधतें. एवढ्या दोन क्रियांतून तर्काच्या इतर सर्व क्रिया घडवितां येतात. जॉर्ज बूल यांनीं १८५४ सालच्या ग्रंथांत मांडलेलें तर्काचें बीजगणित विजेच्या खटक्यांनाही लागू पडतें, हें क्लॉड शॅनन यांनीं १९३७ सालच्या प्रबंधांत दाखविलें. तेंच तत्त्व येथें शाळकरी मुलांच्या हातीं आलें. त्याच्या बळावर खेळाडूंनीं आपोआप उघडणारे दरवाजे बांधले, पीक गोळा करणारीं यंत्रें बांधलीं, आणि गणितें करणारे संगणकही बांधले.

नुसते नवे अवयव येत होते तोंवर तंटा नव्हता. २०११ च्या फेब्रुवारींत रिपीटर आला. तो मंदावलेला संकेत पुन्हा १५ वर नेतो आणि एक ते चार दशांश सेकंद रोखून धरतो. त्याच वर्षीं जूनअखेर पिस्टन, म्हणजे ठोकळा ढकलणारा दट्ट्या, आला. १३ मार्च २०१३ रोजीं निघालेल्या १.५ या आवृत्तीस तर ‘रेडस्टोन अपडेट’ असेंच नांव होतें. तींतील कंपॅरेटरमुळें संकेत आहे कीं नाहीं एवढेंच नव्हे, तर तो किती आहे हेंही यंत्रास मोजतां येऊं लागलें. पेटी किती भरली आहे, तें तो संकेताच्या शक्तीनें सांगतो.

खरा पेंच पडला तो दोषांच्या बाबतींत. खेळाच्या ‘जावा’ आवृत्तींत पिस्टनचें वागणें चमत्कारिक आहे. त्यास स्वतःस संकेत मिळाला नाहीं, तरी त्याच्या डोक्यावरच्या जागेस तो मिळण्याजोगा असला कीं पिस्टन चालतो; मग ती जागा रिकामी का असेना. त्यांतही शेजारीं कांहीं बदल होईपर्यंत त्यास याचा पत्ता लागत नाहीं. खेळाडू यास ‘क्वासी-कनेक्टिव्हिटी’ म्हणतात. दरवाजा दोन ठोकळे उंच असल्यामुळें त्याच्या वरच्या भागास मिळालेला संकेत खालच्या भागानेंही मानावा असा नियम होता. तोच पिस्टनला चिकटला, अशी याची उपपत्ति सांगतात. नवशिक्यास हें वागणें कोड्यांत टाकतें, आणि दोष म्हणून त्याची रीतसर नोंदही झाली. परंतु कुशल कारागिरांनीं आपलीं उत्तमोत्तम यंत्रें याच वागणुकीवर आधारलीं होतीं. निर्मात्यांनीं तो दोष काढला नाहीं. ‘हेतूप्रमाणें चालतें’ असा शेरा मारून नियमांत जमा केला. ‘बेडरॉक’ या दुसऱ्या आवृत्तींत मात्र तो नाहीं. त्यामुळें एकीकडचें यंत्र दुसरीकडे जसेंच्या तसें बांधलें तर पुष्कळदां चालत नाहीं.

सगळ्याच दोषांना असें अभय मिळालें नाहीं. उंसाखालची माती पिस्टननें क्षणभर सरकवून परत आणीत राहिलें कीं ऊंस पाहतां पाहतां वाढे, अशी जावा आवृत्तींत एक खोड होती. २०२० सालच्या १.१६ या आवृत्तींत ती काढून टाकण्यांत आली, आणि तीवर बांधलेलीं शेतें निकामी झालीं. या दोन निवाड्यांत वरवर विसंगति दिसते. पण पिस्टनच्या दोषानें कारागिरास एक नवें साधन दिलें, तर उंसाच्या दोषानें पिकाला लागणारा काळच रद्द केला. एकानें खेळांत भर घातली, दुसऱ्यानें त्यांतील श्रमाचें मोल घालविलें.

सर्वांत नाजूक प्रश्न २०२४ सालीं पुढें आला. जावा आवृत्तींत भुकटीच्या कोणत्या ठोकळ्यास बदलाची वर्दी आधीं पोंचेल, हें तो ठोकळा जगांत कोठें आहे यावरही अवलंबून असे. म्हणून एखादें यंत्र एके ठिकाणीं सुरळीत चाले, आणि तेंच चार पावलें पलीकडे बांधलें तर बिघडे. शिवाय तार विझतांना एकाच ठोकळ्याचा हिशेब अनेकदां होऊन संगणकावर भार पडे. यावर ऑगस्टमध्यें चांचणीसाठीं नवी रीत निघाली: जो ठोकळा उगमाच्या जवळ, त्याचा क्रम आधीं. ही रीत निःसंशय अधिक तर्कशुद्ध होती. तरी जुन्या क्रमावर बेतलेल्या यंत्रांना ती बाधक ठरण्याचा संभव होता. ऑक्टोबरांत १.२१.२ ही आवृत्ति प्रसिद्ध झाली तेव्हां ती सक्तीची केली नव्हती. ज्यास हवी त्यानें निवडावी, असा प्रयोग म्हणून ठेवली होती.

जावा आवृत्तीचे जुने अवतार आजही चालवितां येतात, म्हणून नवा नियम न रुचणाऱ्यास जुन्या जगांत राहण्याची मोकळीक आहे. पण सोबती पुढें निघून गेले कीं तें जग ओसाड वाटूं लागतें. तेव्हां या मोकळिकीनें प्रश्न पुरता सुटत नाहीं. नियम घडविणाऱ्याची चूक प्रारंभीं त्याची एकट्याची असते. लोकांनीं तीवर बांधकाम केलें कीं ती दुरुस्त करण्याचा हक्क त्याच्याकडे राहतो, पण दुरुस्तीची झळ इतरांना लागते. अशा वेळीं कोणाचें काय उभें आहे तें आधीं पाहावें, बदल प्रयोग म्हणून पुढें ठेवावा, आणि अनुभव पाहून मग तो कायम करावा. क्रिकेटच्या पंडितांनीं १९३५ सालीं तेंच केलें होतें. आणि तेथें तर कोणाची भिंतही पडणार नव्हती.