चढाचा गिअर, उताराचा गिअर



मायबापहो, आपण ‘युक्त’ या शब्दावर आलो. ज्ञानोबारायांनी सहाव्या अध्यायात साधकाचं खाणं, बोलणं, झोपणं, जागणं सगळं मापात बसवलं. ऐकायला सोपं आहे. पण माप म्हणजे किती? ते एकदाच ठरवून मोकळं होता येत नाही. वाट बदलली की माप बदलतं. कसं? दृष्टांत ऐका.

माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघाली की दिवे घाट लागतो. तिथे रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. सपाटीला पुरणारी जोडी चढाला पुरत नाही. यात बैलांना कमीपणा आहे का? नाही. चढच तसा आहे.

आता तुमच्यातले कितीतरी जण मोटारसायकलवर आलेत. मागे मंडळी, हॅन्डलला पिशवी. या गाडीला जादा बैल जुंपता येत नाहीत, इंजिन आहे तेवढंच. मग चढाला जोर आणायचा कुठून? गिअरमधून. खालच्या गिअरला चाकाच्या एका फेरीसाठी इंजिन जास्त वेळा फिरतं. वेग कमी, ओढ जास्त. वरच्या गिअरला वेग जास्त, ओढ कमी. दोन्ही एकदम मिळत नाही, बरं का!

पण आपला स्वभाव मानी. चौथा टाकला तो टाकला! चढावर गाडी गचके देते, इंजिन थडथडतं, तरी हा मूठ पिळतोच आहे. अहो, इंजिन सांगतंय, मला झेपत नाही. मूठ सैल करा, क्लच दाबा, एक गिअर खाली घ्या. लगेच आवाज मोकळा होतो. दुसरा एक असतो, तो सपाट रस्त्याला दुसऱ्याच गिअरमध्ये किंचाळत चाललेला. इंजिन तापतं, पेट्रोल जळतं, गाव काही लवकर येत नाही. आपल्या साध्या गाड्यांना इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा बहुधा नसतो. कान हाच काटा.

साधनेचं तसंच आहे. घरात आजारपण आलं, पाऊस गेला, तर त्या वर्षी मोठ्या नेमाचा हट्ट नको. एक माळ घ्या, पण रोज घ्या. गिअर उतरवला म्हणजे गाडी थांबवली असं होत नाही.

आता उताराचं ऐका, कारण जीव इथे जातो. पेट्रोल वाचेल म्हणून कोणी न्यूट्रल करतो, कोणी इंजिनच बंद करतो. गाडी गिअरमध्ये असली आणि मूठ सोडली, की इंजिनच चाकाला मागे धरून ठेवतं. न्यूट्रलला ती धरण सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सारखा दाबलेला ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. वळणावर समोर एसटी, मागे लेकराला घेऊन बसलेली माउली, आणि गाडी थांबेना! काय वाचवलं? इंजेक्शनच्या बहुतेक गाड्या तर गिअरमध्ये मूठ सोडून उतरताना पेट्रोल आपणहून तोडतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.

म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. आणि गिअर घाटाच्या माथ्यावरच कमी करा. गाडी सुसाट सुटल्यावर एकदम खालचा टाकला तर मागचं चाक घसरतं.

मायबापहो, उतार म्हणजे सुखाचे दिवस. पोराला नोकरी लागली, पीक चांगलं आलं, की माणूस नाम सोडतो. न्यूट्रल! गाडी पळते, आणि याला वाटतं मीच पळवतोय. चढावर नाम आपोआप तोंडी येतं हो, पाय दुखतात ना! उतारावर ते मुद्दाम जुंपून ठेवावं लागतं. आणि तेही माथ्यावरच. संकट समोर उभं राहिल्यावर जुंपायला वेळ मिळत नाही.

उद्या काला झाला की तुम्ही परत निघाल. पुण्याकडचे सासवडवरून दिवे घाट उतरतील. माथ्यावर क्षणभर थांबा. गिअर कमी करा, मागच्या माणसाला नीट बसवा, नाम घ्या आणि मग उतरा. घरी कोणीतरी वाट बघतंय.

म्हणा, विठ्ठल विठ्ठल!